ध्रुवपदाची मालकी

भजनाचं जुनं पुस्तक कधी हाती घेतलं असेल, तर त्यातली एक खूण आठवून पाहा. ध्रुवपदाची ओळ पुस्तकात एकदाच पूर्ण छापलेली असते आणि तिच्यापुढे दोन दंडांच्या मध्ये ‘ध्रु.’ एवढंच अक्षर असतं. पुढच्या कडव्यांखाली ती ओळ पुन्हा छापत नाहीत. टाळकऱ्यांना ती सांगावी लागत नाही, कडवं संपलं की ते आपणच ध्रुवपदावर येतात. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिराच्या ओसरीवर लहानपणी मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. एका बुवांची हातानं उतरवलेली वही होती. तीत तर जागोजागी नुसता ‘ध्रु.’ होता. कागद महाग, हात थकलेला, म्हणून ओळीऐवजी एक अक्षर. बुवांनी ही युक्ती कोणाकडून घेतली आणि त्यांना ती कोणी दिली, हे विचारायचं त्या ओसरीवर कोणाच्या मनातही आलं नसतं.

आता समजा, एके दिवशी ओसरीवर एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘ओळीऐवजी खूण लिहिण्याची पद्धत माझ्या नावावर नोंदलेली आहे. यापुढे वहीत ‘ध्रु.’ लिहायचा असेल तर परवाना घ्या.’ तुम्ही हसाल. पण श्रोतेहो, जवळजवळ अशीच गोष्ट संगणकाच्या जगात खरोखर घडली. ती गोष्ट आणि तिच्या मागचा वाद आज सांगायचा आहे. विषयाचं नाव जरा रुक्ष आहे : सॉफ्टवेअरची पेटंटं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या कवीनं यावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा वाद मुळात यंत्राचा नाही. लिहिलेल्या गोष्टीवर कोणाचा किती हक्क, याचा तो वाद आहे, आणि तो प्रश्न आम्हा लिहिणाऱ्यांच्या घरचाच आहे.

गोष्ट सुरू होते इस्रायलमधल्या हैफा शहरात. तिथल्या टेक्निऑन या संस्थेतले जेकब झीव्ह आणि अब्राहम लेंपेल या दोन प्राध्यापकांनी १९७७ आणि १९७८ साली दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. प्रश्न असा होता की, माहिती कमी जागेत कशी बसवायची? भाषेत शब्द पुन्हा पुन्हा येतात, चित्रात एकाच रंगाचे ठिपके रांगेनं येतात. मग प्रत्येक वेळी ते पूर्ण कशाला लिहायचं? जे एकदा येऊन गेलं, त्याच्याकडे पुढच्या वेळी नुसतं बोट दाखवावं. पहिल्या निबंधातली पद्धत मागच्या मजकुराकडे बोट दाखवते. दुसऱ्या निबंधातली पद्धत आलेल्या तुकड्यांचा एक कोश तयार करत जाते. म्हणजे बुवांचा ‘ध्रु.’च, फक्त गणिताच्या शिस्तीत बांधलेला.

अमेरिकेतल्या स्पेरी कंपनीत काम करणाऱ्या टेरी वेल्च यांनी या दुसऱ्या पद्धतीत सुधारणा केली. पाठवणारा आणि घेणारा दोघंही मुळाक्षरांपासून सुरुवात करतात आणि मजकूर पुढे सरकेल तसतसा आपापला कोश वाढवत नेतात. दोघांचे नियम एकच, त्यामुळे दोघांचे कोशही जुळतात आणि कोश वेगळा पाठवावा लागत नाही. वेल्च यांनी १९८४ साली एका नामांकित संगणकविषयक नियतकालिकात ही पद्धत सोप्या भाषेत मांडली. लेंपेल, झीव्ह आणि वेल्च या तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एलझेडडब्ल्यू’ म्हणू लागले. लेख वाचून जगभरच्या प्रोग्रॅमरनी ती उचलली. युनिक्स संगणकांवर ‘कॉम्प्रेस’ नावाचा प्रोग्रॅम त्याच वर्षी आला आणि घरोघर पोचला. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना एक गोष्ट माहीत नव्हती. जून १९८३ मध्येच स्पेरीनं या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. डिसेंबर १९८५ मध्ये ते पेटंट मंजूर झालं. पुढच्या वर्षी स्पेरी आणि बरोज या कंपन्या एकत्र येऊन युनिसिस झाली आणि पेटंट तिच्याकडे गेलं.

इथं थोडं थांबून कॉपीराइट आणि पेटंट यांतला फरक सांगायला हवा, कारण सगळा वाद त्या फटीत बसलेला आहे. मी एक गझल लिहिली तर तिच्या शब्दांवर माझा कॉपीराइट. आपल्या कायद्यानं तो माझ्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं चालतो. ती गझल माझ्या परवानगीवाचून कोणी छापू नये. पण गझलेची रीत, म्हणजे मतला, काफिया आणि प्रत्येक शेराच्या शेवटी येणारा रदीफ, ही माझी नाही. ती फारसीतून उर्दूत आली, माधव जूलियनांनी ती मराठीत रुजवायचा यत्न केला आणि सुरेश भटांनी ती मराठीची करून टाकली. भट एवढ्यावर थांबले नाहीत. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी ही रीत नव्यानं लिहिणाऱ्यांच्या हाती दिली. ती वाचून किती जण शिकले! गझल आपापली, रीत सगळ्यांची.

पेटंटचं तसं नाही. पेटंट शब्दांवर नसतं, रीतीवर असतं. प्रोग्रॅमरनं एकेक ओळ स्वतः लिहिली, कोणाची नक्कल केली नाही, एवढंच काय, दुसऱ्याचं नावही ऐकलं नाही, तरी रीत तीच निघाली तर तो दोषी. आणि हे साधारण २० वर्षं. यंत्राच्या बाबतीत हा नियम दोनशे वर्षं जगानं चालवला, त्यात शहाणपणही आहे. शोधकानं आपलं गुपित जगाला सांगावं आणि त्याच्या बदल्यात काही वर्षं एकाधिकार भोगावा, असा तो सौदा आहे. प्रश्न एवढाच की, प्रोग्रॅम हे यंत्र आहे की लिखाण? तो चालतो यंत्रासारखा, पण लिहिला जातो भाषेत, आणि त्याच्या पोटात असतं गणित.

आता पुन्हा गोष्टीकडे. १९८७ साली अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह नावाची एक कंपनी टेलिफोनच्या तारेवरून ग्राहकांना माहिती पुरवत असे. तारेचा वेग गोगलगायीचा. चित्र पाठवायचं तर ते दाबून लहान करणं भाग होतं. स्टीव्ह विल्हाइट या तिथल्या अभियंत्यानं चित्रांसाठी एक स्वरूप तयार केलं, ते ‘जिफ’. त्याच्या पोटात वापरली होती एलझेडडब्ल्यू पद्धत. कॉम्प्युसर्व्हनं जिफची सगळी माहिती जाहीर केली आणि ते कोणीही वापरावं असं सांगितलं. पुढे वर्ल्ड वाइड वेब आलं, तेव्हा वेबच्या पानांवर जिफ चित्रं सर्वत्र दिसू लागली. पेटंट सगळा वेळ कागदावर होतंच, पण त्याचा धाक कोणाला नव्हता.

डिसेंबर १९९४ च्या अखेरीस, नाताळच्या सुटीत, कॉम्प्युसर्व्हनं जाहीर केलं की युनिसिसशी आपला करार झाला आहे आणि जिफ चित्रं बनवणारे प्रोग्रॅम विकणाऱ्यांना यापुढे परवाना घ्यावा लागेल. सात वर्षं सार्वजनिक रस्ता समजून ज्यावरून लोक चालत होते, तिथं एका रात्रीत टोलनाका उभा राहिला. युनिसिसची बाजू कायद्यानं बरोबर होती, हेही सांगायला हवं. तिचं पेटंट होतं आणि ती त्याचं मोल मागत होती. पण रस्ता लोकांनी वापरल्यामुळेच मोलाचा झाला होता, आणि नाका मात्र वर्दळ वाढल्यावर लागला होता.

या गोष्टीत एक विनोदही आहे. आयबीएममधल्या दोन संशोधकांनी हीच पद्धत स्वतंत्रपणे शोधली होती आणि त्यांचाही अर्ज जून १९८३ मध्येच गेला होता. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं १९८९ मध्ये त्यांनाही पेटंट दिलं. म्हणजे एकाच रीतीची दोन पेटंटं, दोन मालकांना, एकाच कार्यालयातून! रबराचे दोन टायर समोरासमोर ठेवले तर ते सारखे आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसतं. दोन वेगळ्या शब्दांत मांडलेली एकच कल्पना ओळखणं मात्र तपासनिसाला जमेलच असं नाही. लोकांच्या वापरासाठी खुले प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं. शेताला बांध असतो, कल्पनेचा बांध कुठे आहे हे कळणार कसं?

मग लोकांनी काय केलं? काही जणांनी वळसा घेतला. ‘कॉम्प्रेस’ प्रोग्रॅमला पर्याय म्हणून १९९२ मध्येच ‘जीझिप’ आला होता. तो एलझेडडब्ल्यू वापरत नव्हता. चित्रांसाठी जानेवारी १९९५ मध्ये थॉमस बूटेल यांनी नव्या स्वरूपाचा मसुदा मांडला, जगभरच्या जाणकारांनी त्यावर काम केलं आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं त्याला मान्यता दिली. हे ‘पीएनजी’. आज तुमच्या मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला तर तो बहुधा याच स्वरूपात साठतो. मौज अशी की, जीझिप आणि पीएनजी या दोघांच्या पोटात काय आहे? झीव्ह आणि लेंपेल यांच्या १९७७ च्या पहिल्या निबंधातली कल्पना. त्या दोघांचं एक लेकरू कुंपणात अडकलं होतं, तेव्हा मोकळ्या राहिलेल्या दुसऱ्या लेकरानं घर सांभाळलं.

पेटंटची बाजू घेणारे इथं म्हणतात, ‘पाहा, अडवलं म्हणूनच पीएनजी जन्माला आलं ना? आणि ते जिफपेक्षा सरसही आहे. मग पेटंटनं नवनिर्मिती थांबवली कुठे, वाढवलीच की!’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिफमध्ये एका चित्रात २५६ रंगच मावतात, पीएनजीमध्ये लाखो. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पीएनजी सरस असूनही त्याची पारदर्शक चित्रं त्या काळच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये २००६ पर्यंत धड दिसत नव्हती. इतकी वर्षं वेबची पानं बनवणारी मंडळी एकीकडे परवाना आणि दुसरीकडे अर्धवट चालणारा पर्याय यांच्यामध्ये लोंबकळत राहिली. १९९९ मध्ये युनिसिसनं परवान्याचे नियम आणखी कडक केले. काही वेबसाइटच्या मालकांनाही काही हजार डॉलरचा परवाना घ्यावा लागेल, असं दिसू लागलं. तेव्हा ५ नोव्हेंबर १९९९ हा दिवस ‘सगळ्या जिफ जाळा’ दिन म्हणून पाळायची हाक दिली गेली. जिथं नवं रचायचं, तिथं कर्तबगार माणसांचा वेळ असलेली गोष्ट पुन्हा रचण्यात आणि जुनी पुसण्यात गेला. अमेरिकेतलं पेटंट २० जून २००३ रोजी संपलं, युरोप आणि जपानमधली पुढच्या वर्षी संपली. आज हलती जिफ चित्रं पोरंटोरंही एकमेकांना पाठवतात. त्यांना हा इतिहास ठाऊकही नाही, आणि तेच बरं.

आता प्रश्न येतो की, रीतीवर पेटंट देण्याइतका कायदा वळला कसा? तो एकदम वळला नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बेन्सन यांचा खटला आला. आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलण्याच्या गणिती रीतीचं पेटंट मागितलं होतं. न्यायालय म्हणालं, हे दिलं तर त्या सूत्रावरच एकाची मालकी होईल, नाही. १९८१ मध्ये डीअर यांच्या खटल्यात रबर भाजण्याच्या साच्याचा प्रश्न होता. साचा नेमका केव्हा उघडायचा याचा हिशेब संगणक करत होता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, संगणक आहे म्हणून रबर भाजण्याची पूर्ण प्रक्रिया अपात्र ठरत नाही. दार एवढंच किलकिलं झालं होतं. पण १९९८ मध्ये पेटंटचे खटले ऐकणाऱ्या अपील न्यायालयानं एका आर्थिक हिशेबाच्या पद्धतीला मान्यता दिली, तेव्हा ते सताड उघडलं. पुढच्याच वर्षी ॲमेझॉनला ‘एका क्लिकमध्ये खरेदी’ या पद्धतीचं पेटंट मिळालं आणि तिनं प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्याला कोर्टात खेचलं. वाण्याच्या दुकानात ‘नेहमीचं द्या आणि वहीत मांडा’ म्हणणाऱ्या आपल्या आयाबायांना हे ऐकून काय वाटलं असतं!

पण एकच बाजू सांगून उठणं बरं नव्हे. सॉफ्टवेअरचं पहिलं पेटंट मिळवणारा माणूस कुठल्या बलाढ्य कंपनीचा मालक नव्हता. मार्टिन गोएट्झ हे अप्लाइड डेटा रिसर्च या लहान कंपनीत होते. माहिती क्रमानं लावण्याच्या एका पद्धतीचं पेटंट त्यांना एप्रिल १९६८ मध्ये मिळालं. त्या काळी आयबीएम संगणकाबरोबर सॉफ्टवेअर वेगळी किंमत न लावता देत असे. फुकटच्या मालाशी लहान माणसानं स्पर्धा कशी करावी? आपल्या रीतीला कायद्याचं कवच हवं, असं गोएट्झ यांना वाटलं ते त्यांच्या जागी योग्यच होतं. त्यांच्या कंपनीनं आयबीएमवर खटला भरला, आणि १९६९ मध्येच आयबीएमनं सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं. गोएट्झ शेवटपर्यंत सॉफ्टवेअर पेटंटच्या बाजूनं बोलत राहिले.

दुसरं उदाहरण तर माहिती दाबण्याच्या धंद्यातलंच आहे. कॅलिफोर्नियातली स्टॅक ही छोटी कंपनी डिस्कवर दुप्पट माल बसवणारा प्रोग्रॅम विकत असे. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या डॉसमध्ये तसलीच सोय घातली आणि स्टॅकच्या धंद्याखालची जमीन सरकली. स्टॅक पेटंट घेऊन कोर्टात गेली. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्युरीनं तिला १२ कोटी डॉलर द्यायला सांगितले. उलट बाजूनं मायक्रोसॉफ्टलाही एका दाव्यात काही रक्कम मिळाली आणि शेवटी दोघांत तडजोड झाली. पेटंट नसतं तर स्टॅकचं म्हणणं ऐकून तरी कोणी घेतलं असतं का? आणि गंमत बघा, याच मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी १९९१ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या टिपणात म्हटलं होतं की, आजच्या कल्पना निघाल्या तेव्हा लोकांनी पेटंटं घेतली असती तर हा धंदा आज ठप्प झाला असता. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय काय? आपण होता होईल तेवढी पेटंटं घ्यावीत!

म्हणजे ढाल खरी आहे. पण ढाली कोण जास्त बनवू शकतो, हे पाहिलं पाहिजे. पेटंटचा अर्ज, वकील, तपास, खटला यांना पैसा लागतो. मोठ्या कंपन्या हजारोंनी पेटंटं जमवतात आणि एकमेकींशी अदलाबदल करून भांडण मिटवतात. लहान माणसाकडे अदलाबदलीला काही नसतं. शिवाय एक नवी जात निपजली. स्वतः काही बनवायचं नाही, नुसती पेटंटं विकत घ्यायची आणि बनवणाऱ्याला नोटीस धाडायची. बनवतच नसल्यामुळे त्यांच्यावर उलटा दावा ठोकायचीही सोय नाही. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीला अशाच एका पेटंटधारक कंपनीबरोबरचा खटला मिटवायला मार्च २००६ मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजावे लागले.

नवनिर्मितीचं काय होतं, याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा हिशेबाच्या तक्त्याचा आहे. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ आणला. पडद्यावर रकाने, एक आकडा बदलला की सगळी बेरीज आपोआप बदलते. लहान संगणक दुकानांत आणि कचेऱ्यांत शिरला तो या प्रोग्रॅममुळे. त्यांनी पेटंटचा विचार केला होता, पण त्या वेळच्या कायद्यात ते मिळण्याची आशा वकिलांना फारशी वाटली नाही, म्हणून घेतलं नाही. १९८३ मध्ये ‘लोटस’ आला आणि त्यानं व्हिजिकॅल्कला मागे टाकलं, त्याच्या मागून ‘एक्सेल’ आला आणि त्यानं लोटसला मागे टाकलं. ब्रिकलिन यांचं आर्थिक नुकसान झालं, हे नाकारता येणार नाही. पण १९७९ मध्ये रकान्यांवर कुंपण पडलं असतं तर तालुक्याच्या पतपेढीतला कारकून आज ज्या तक्त्यावर व्याज काढतो, तो त्याच्यापर्यंत केव्हा आणि कोणत्या भावानं पोचला असता? जेम्स बेसन आणि पुढे २००७ मध्ये नोबेल मिळालेले एरिक मॅस्किन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच मांडलं आहे. जिथं प्रत्येक शोध आधीच्या शोधाच्या खांद्यावर उभा राहतो, तिथं कडक पेटंट पुढच्याची वाट अडवून एकूण नवनिर्मिती कमी करू शकतं. औषधाचं एक रसायन शोधायला प्रचंड पैसा आणि वर्षं लागतात, तिथला न्याय वेगळा. प्रोग्रॅममध्ये तर शेकडो लहानमोठ्या रीती एकत्र गुंफलेल्या असतात. प्रत्येक रीतीचा मालक निराळा असेल तर लिहिणाऱ्यानं कोणाकोणाचं दार ठोठवावं?

डोनाल्ड नूथ हे संगणकशास्त्रातलं फार मोठं नाव. गणिताची पुस्तकं सुबक छापण्यासाठी त्यांनी ‘टेक’ नावाची व्यवस्था तयार केली आणि जगाला मोकळी करून दिली. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला १९९४ मध्ये पत्र लिहून त्यांनी कळवलं की, अशी पेटंटं १९८० साली रूढ असती तर आपल्या हातून हे काम झालंच नसतं. कारखानदार तक्रार करतो तेव्हा आपण त्याचा स्वार्थ शोधतो. ज्यानं आपली कमाई वाटून टाकली त्याची तक्रार मात्र कान देऊन ऐकावी लागते.

हा वाद २००५ साली दोन ठिकाणी निकराला आला, एक युरोपात आणि एक आपल्या दिल्लीत. युरोपात प्रोग्रॅम हा नुसता प्रोग्रॅम म्हणून पेटंटला पात्र नाही, असं १९७३ च्या करारातच लिहिलेलं आहे. तरीही शब्दांच्या फटीतून पेटंटं दिली जात होतीच. या प्रथेला पक्कं रूप देणारा मसुदा २००२ मध्ये आला. डिसेंबर २००४ मध्ये तो चक्क शेती आणि मासेमारी खात्याच्या मंत्र्यांच्या बैठकीत, चर्चेविना मंजुरीसाठी ठेवला गेला. पोलंडच्या प्रतिनिधीनं तो विषयपत्रिकेवरून काढायला लावला. पुढे ६ जुलै २००५ रोजी युरोपच्या संसदेनं तो ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. प्रोग्रॅमर, लहान उद्योजक, विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षं खासदारांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, त्याचं ते फळ होतं. आपलं मनासारखं होत नाही असं दिसल्यावर मोठ्या कंपन्यांनाही मसुदा नकोसा झाला होता, हेही खरं.

आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीनं पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं होतं की, गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, नुसता संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे ‘शोध’ नव्हेत. जागतिक व्यापार संघटनेनं दिलेली मुदत १ जानेवारी २००५ ला संपत होती, म्हणून डिसेंबर २००४ च्या अखेरीस सरकारनं वटहुकूम काढला. सगळ्यांचं लक्ष औषधांच्या किमतींकडे होतं, ते साहजिकच होतं. त्याच वटहुकमात एक लहानसं वाक्य सॉफ्टवेअरविषयी होतं. प्रोग्रॅमचा उद्योगात तांत्रिक वापर असेल, किंवा तो यंत्राशी जोडलेला असेल, तर त्याला पेटंट मिळू शकेल, असा त्याचा अर्थ. आता यंत्राशिवाय प्रोग्रॅम चालतो कुठे? म्हणजे नकाराला होकार करून टाकणारं ते वाक्य होतं. खुल्या सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आणि डाव्या पक्षांनी विरोध केला. मार्च २००५ मध्ये संसदेनं कायदा मंजूर केला, तेव्हा ते वाक्य गळलेलं होतं आणि २००२ चे शब्द तसेच राहिले होते. सॉफ्टवेअरच्या चाकरीवर लाखो घरं चालणाऱ्या देशात ही बातमी मात्र पहिल्या पानावर फारशी आली नाही.

वाद तिथं संपला असं नाही. ‘नुसता प्रोग्रॅम’ यातल्या ‘नुसता’ या शब्दावर सगळं तोलून आहे. २०१६ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयानं मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की, प्रोग्रॅमबरोबर नवं यंत्रही हवं. २०१७ मध्ये ती अट काढून टाकली. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं की, शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर तो संगणक प्रोग्रॅमवर चालतो एवढ्यावरून नाकारू नये. अमेरिकेत उलट झालं. ज्या देशानं दार सताड उघडलं, त्याच्याच सर्वोच्च न्यायालयानं जून २०१४ मध्ये ॲलिस कंपनीच्या खटल्यात एकमतानं सांगितलं की, जुनी कल्पना घेऊन ‘हे संगणकावर करा’ म्हटल्यानं ती शोध ठरत नाही. त्यानंतर तिथं अशी अनेक पेटंटं कोर्टात रद्द झाली. म्हणजे ते दार लोटून घेत असताना आपलं थोडं थोडं उघडत चाललं आहे.

माझं मत विचाराल तर ते लपवण्यात अर्थ नाही. लिहिणाऱ्याला त्याच्या लिखाणाचं मोल मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी कॉपीराइट आहे. लहानाचं मोठ्यापासून रक्षण झालं पाहिजे, त्यासाठी स्पर्धेचे कायदे आहेत आणि ते अधिक धारदार करता येतील. पण रीत मोकळी राहावी. कारण रीत ही एकट्याची नसतेच. वेल्च यांनी झीव्ह आणि लेंपेल यांच्यावरून घेतली, त्या दोघांनी आधीच्या गणितावरून घेतली. जो शेवटी आला, त्यानं कार्यालयात जाऊन नोंद केली म्हणून मागची सगळी रांग त्याच्या मालकीची होत नाही.

अब्राहम लेंपेल आणि जेकब झीव्ह दोघंही २०२३ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतरानं, गेले. त्याच्या आदल्या वर्षी जिफचे विल्हाइट गेले होते. त्या दिवसांतही जगभर अब्जावधी फायली त्यांच्या रीतीनं लहान होऊन इकडून तिकडे जात होत्या. पाठवणाऱ्याला त्यांचं नाव माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही नव्हतं. ओसरीवरचे आमचे बुवाही कधीच गेले. त्यांची वही कोणाकडे आहे कोण जाणे. पण कडवं संपलं की टाळकरी अजून ध्रुवपदावर येतात, आणि त्यांना कोणाचा परवाना लागत नाही.